पोटातला नाकेदार

सर्व सुजाण नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रत्येक मनुष्याच्या पोटात, उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली, जंगलखात्याचा एक नाका आहे. त्या नाक्यावर एक नाकेदार बसलेला आहे. तो पगार घेत नाही, रजा घेत नाही आणि त्याची बदली होत नाही. तुम्ही गिळलेली गोळी, प्यालेला काढा, चोरून मारलेला घोट, सगळं त्याच्यासमोर हजर होतं. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी यापुढे कोणतंही औषध घेण्याचा आपला हक्क संपला असं समजावं.

ही घोषणा माझी नव्हे. चामोर्शीच्या पुढे, साग आणि मोहाच्या मधोमध वसलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी सहा वर्षं नोकरी केली. मी तिथे रक्ताच्या काचा तपासायचो. ही घोषणा तिथल्या कंपाउंडरची. रोज सकाळी औषधाच्या खिडकीची फळी वर उचलली की ते छाती पुढे काढून ती करायचे. समोर कधी तीस माणसं असायची, कधी एक म्हातारी आणि तिची शेळी. घोषणेचा आवाज तोच.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणतो. उंच, काटकुळे, अंगात कुठल्याशा जुन्या डॉक्टरने टाकून दिलेला पांढरा कोट. त्याची डावी बाही जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाने कोपरापर्यंत कायमची जांभळी झालेली. कोणी धुवायला द्या म्हटलं तर म्हणायचे, "राहू द्या. शिपायाच्या बाहीवर फीत असते, माह्या बाहीवर हे आहे."

चांद्यापासून जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी लोक अजून चांद्यालाच जिल्हा म्हणत. अशा ठिकाणी औषध द्यायचं म्हणजे दोन गोळ्या कागदात गुंडाळून हातावर टेकवायच्या, एवढाच सर्वत्र रिवाज. भाऊंना तो मंजूर नव्हता. त्यांच्याकडून औषध घ्यायचं तर आधी रस्ता म्हणून दाखवावा लागे.

"सांग आजी, गोळी कुठी उतरते?"

"आतड्यात जी."

"तिथून कोणती गाडी धरते?"

"रगताची."

"मंग?"

"मंग नाका लागते."

"नाक्यावर काय होते?"

"हातोडा मारते नाकेदार."

"मंग?"

इथे बहुतेक म्हाताऱ्या पदर तोंडाला लावत. पण भाऊ सोडत नसत. शेवटी कुजबुजत का होईना उत्तर यायचं, "मंग मुताच्या वाटेनं भायेर," आणि मगच पुडी मिळायची. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हे प्रश्नोत्तर इतक्या वेळा चालायचं की बाहेर उभे बैलसुद्धा माना डोलवायचे.

हातोड्याची गोष्ट त्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नसे. जंगलातून सागाचा ट्रक निघाला की नाक्यावर थांबायचाच. नाकेदार लठ्ठे मोजायचा, प्रत्येकावर शिक्क्याचा हातोडा हाणायचा आणि मग फाटक वर करायचा. भाऊंचं म्हणणं, कलेजी हेच करते. "बाजारात बोकडाची कलेजी पाह्यली ना? तशीच तुह्यी. औषध आलं की ते त्याले ठोकते, त्याचं रूप बदलवते, शिक्का मारते. शिक्क्याचा माल मूत्रपिंडाच्या फाटकातून सुटते. बिनशिक्क्याचा माल रगतात फिरत राह्यते."

लहान मुलाला अर्धी गोळी का, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "लेकराचा नाकेदार आत्ता भरती झाला. त्याले हातोडाच उचलत नाई." म्हाताऱ्याला कमी का? "तुमचा रिटायर व्हाले आला, बाप्पा. त्याच्यापुढं किती ट्रक उभे करता?" आणि दोन माणसांना एकच गोळी दिली, एकाला गुण आला आणि दुसऱ्याला चक्कर, असं कोणी सांगितलं की भाऊ खुश. "होतेच! सगळे नाकेदार सारखे असते तं मंग दुनियेत कंपाउंडर कायले पाह्यजे होता?"

आमच्या गावच्या खऱ्याखुऱ्या नाकेदाराला हे लागलं. एकदा तो ताप घेऊन आला आणि खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "भाऊ, गावभर आमचं नाव काऊन खराब करता?"

"खराब? मी तुह्यी बढती केली. तू दुपारी बाजेवर आडवा होते. तो जनमल्यापासून पाठ टेकून राह्यला नाई."

नाकेदाराने गोळ्यांना हात घातला, पण रस्ता म्हणून दाखवायला साफ नकार दिला. भाऊंनीही पुडी सोडली नाही. शेवटी तापाने फणफणलेल्या त्या गड्याने डोळे मिटून "आतड्यात, रगतात, माह्याकडे" असं म्हटलं, तेव्हा हात सुटला.

वरून एकदा कागद आला की कंपाउंडरने फक्त औषध वाटावं, रुग्णांना सल्ला देऊ नये. कोणीतरी तक्रार केली असणार. भाऊंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर पाटी लागली: 'येथे फक्त औषध मिळेल. कंपाउंडर सल्ला देत नाही. कंपाउंडर स्वतःशी बोलतो.'

त्या दिवसापासून ते पुडी देताना तोंड भिंतीकडे करायचे आणि भिंतीला मोठ्याने सांगायचे, "काही लोकं उपाशी पोटी गोळी खाऊन राह्यले. मंग पोट धरून बसते. मी कोणाले म्हणत नाई." रांगेतला माणूस घाबरून विचारायचा, "मी जेवूनच खाऊ ना भाऊ?" भाऊ भिंतीला म्हणायचे, "हुशार माणूस दिसते." हे चार महिने चाललं. वरून पुन्हा कागद आला नाही. भिंतीबद्दल काय लिहावं हे बहुधा वरच्यांना सुचलं नसेल.

आणि निळ्या लघवीची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पाच शेतकऱ्यांशी भाऊंचा वाद झाला होता. त्यांचं म्हणणं, सुईच अंगात जाते, गोळी पोटात पडून राहते आणि पोटातच संपते. सुई दे. भाऊ सरळ माझ्या खोलीत आले. माझ्या टेबलावर काचा रंगवायची निळी पूड असायची, तिच्यातली चिमूटभर उचलली आणि मी "अहो भाऊ!" म्हणेपर्यंत पाण्याबरोबर घशाखाली घातली. (हे कोणी करू नये. मी त्यांच्यावर तीन दिवस ओरडत होतो.) मग शेतकऱ्यांना बजावलं, "कोणी घरी जायचं नाई. चहा प्या, बिडी प्या, बसा." चारेक तासांनी ते पाचही जणांना घेऊन दवाखान्यामागच्या कुडाकडे चालते झाले. पाठमोरे भाऊ मध्ये, दोन्ही बाजूंनी वाकलेले पाच फेटे, असं ते दृश्य मी खिडकीतून पाहिलं. मग एकाचा आवाज, "आई वं! निळी!"

"पोटात पडली होती ना?" भाऊ मान न वळवता म्हणाले. "मंग इथी कशी आली? पाय फुटले तिले?"

त्यानंतर त्या पाच जणांनी कधी सुई मागितली नाही. दवाखान्याचा कूड मात्र दोन दिवस निळा होता.

भाऊंजवळ एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. कुठल्याशा बदलून गेलेल्या डॉक्टरने मागे टाकलेलं, पुठ्ठा वाळवीने खाल्लेला. भाऊ मॅट्रिक. शब्दकोश मांडीवर घेऊन ते त्यातली रोज एक ओळ वाचायचे. एकच. मी विचारलं, "दोन का नाही?" तर म्हणाले, "एकीवर हातोडा बसल्याबिगर दुसरी कायले सोडू?"

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी हसतच सांगतो. पण एका प्रकरणात भाऊ हसले नाहीत.

तीन मैलांवरच्या गावात एक मास्तर होते. शाळा एकशिक्षकी, मास्तर करडे. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणणारा, चहासुद्धा अर्धाच कप पिणारा माणूस. त्या वर्षी गावातल्या बायांनी दारूबंदी केली. मोहाच्या भट्ट्या शोधून मडकी फोडली. त्यांचा ठराव लिहून दिला मास्तरांनी, चावडीवर वाचून दाखवला मास्तरांनी. बायांची पुढारी एक शेतकरीण बाई होती. तिचा आवाज असा की धानाच्या बांधीवरून हाक मारली तर पलीकडच्या गावातला कुत्रा उठून बसावा.

पावसाळ्याअखेर मास्तरांना खोकला धरला. त्यांची थुंकी मीच तपासली. क्षय निघाला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, नुकतेच रुजू झालेले, मनाने चांगले पण घाईचे. महिना-सव्वा महिन्याने खोकला उतरला, आणि मास्तर झोकांड्या खायला लागले. जीभ जड, पाय वाकडे. एक दिवस वर्गात फळ्यासमोर तोल जाऊन पडले. मोहाच्या मुलखात असा माणूस पडला तर त्याला काय झालं, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

बाई संतापून पंचायत समितीत गेली. मडकी फोडायला हाच पुढे आणि हाच पिऊन पडतो! शिक्षण विस्तार अधिकारी चौकशीला आमच्या दवाखान्यातच येणार असं ठरलं. डॉक्टरांनी मास्तरांना तपासून कागदावर लिहिलं: चाल अस्थिर, बोलणं अस्पष्ट, मद्यसेवनाचा संशय. नोकरी जाणार, हे आता उघड होतं.

आता एक गोष्ट, जी तोवर मला माहीत नव्हती, तुम्हाला सांगून टाकतो. मास्तरांना मिरगी, म्हणजे फेफरं, होती. तरुणपणापासून. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या गोळ्या ते वर्षानुवर्षं खात होते आणि त्यामुळे त्यांना झटका आलेला गावात कोणी पाहिला नव्हता. गोळ्या भाऊ ब्रह्मपुरीच्या दुकानातून आणून द्यायचे. ही बातमी जगात तिघांना होती: मास्तर, त्यांची बायको आणि भाऊ. आमच्या डॉक्टरांनाही नाही.

चौकशीच्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या खोलीत आले. मास्तर बाहेर बाकावर होते, भाऊ नुकतेच त्यांच्यासमोर बोट डावी-उजवीकडे फिरवून आले होते.

"डोळे फडफडून राह्यले त्याचे," भाऊ म्हणाले. "तोंडाले वास नाई. मी पुस्तक काढलं. आज एक ओळ नाई, आख्खं पान वाचलं. मीच चुकलो बाबू."

"काय चुकलं?"

"दोन गाड्या एकाच नाक्यावर सोडल्या. दोन्ही माह्याच हातानं." एवढं बोलून ते खाली बसले. कामाच्या वेळी मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

ते बाहेर जाऊन मास्तरांशी बोलले. दार उघडं होतं, मला ऐकू आलं.

"डॉक्टरले सांगून टाक मास्तर. एक गोळी कमी केली का पाय सरळ होते."

"तुमीच कमी करून द्या ना, भाऊ."

"माह्या हातानं एकदा झालं तेवढं पुरे. कमी जास्त झालं आन् झटका आला तं? हे डॉक्टरचं काम आहे. सांग त्याले."

मास्तर त्या जड जिभेने म्हणाले, "दारुड्याले लोकं माफ करते भाऊ. मिरगीवाल्याले जोडा हुंगवते. माह्याजवळ कोणी पोट्टं पाठवन का? मी दारू पेलो म्हणून लिहून देतो. तुमाले माह्यी आण आहे."

मास्तर डॉक्टरांच्या खोलीत आले ते हे ठरवूनच. अधिकाऱ्यांनी खुर्ची घेतली. बाई दाराशी कमरेवर हात ठेवून उभी. माझं अक्षर बरं म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. अधिकारी वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मास्तर, एकदा चूक झाली असं कबूल करा. निलंबन टाळता येतं का पाहू." मी लिहिलं: मी मद्यप्राशन करून शाळेत आलो. मास्तरांनी पेन घेतलं.

कागदावर जांभळी बाही पडली.

"या कागदावर सही होनार नाई," भाऊ म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"कंपाउंडर."

"तुमचा काय संबंध?"

"माल माह्या खिडकीतून गेला." मग डॉक्टरांकडे वळून, "साहेब, तुमी चाल लिहिली, बोलणं लिहिलं. वास लिहिला का?"

डॉक्टर लालबुंद झाले. "वास आला नाही."

"मंग ते काऊन नाई लिहिलं?"

"पेरूचा पाला चावला असन!" बाई दारातून ओरडली.

"चावला असन तं दात हिरवे दिसले असते, बाई. पाह्य ना जवळ येऊन."

बाई जवळ आली नाही. भाऊंनी छाती पुढे काढली, आणि मला कळलं, आता नाका येणार. आला. अधिकाऱ्यांच्या टेबलावर भाऊंनी पेन आडवं ठेवलं, ते फाटक. दौत ठेवली, तो नाकेदार. "ही क्षयाची गोळी. ही नाक्यावर आली आन् नाकेदाराचा हात धरून बसली. मास्तरचा नाकेदार आधीच सावकाश. मागून रोजची दुसरी गाडी आली. तिच्यावर हातोडा मारणार कोण? थांबली. दुसऱ्या दिवशी अजून एक. तिसऱ्या दिवशी अजून. लाईन लागली रगतात, पार मेंदूपावतर. मंग माणूस झुलते, जीभ जड होते, डोळे फडफडते. दारू एक थेंब नाई."

"हे काय चाललंय?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"कलेजी, साहेब," मी म्हणालो.

पण डॉक्टर खुर्चीतून पुढे सरकले होते. "दुसरी गाडी कोणती, भाऊ?"

"ते मी नाई सांगत."

"अहो, नाव कळल्याशिवाय मी दाखला कसा बदलू?"

"औषध ज्याचं, गोष्ट त्याची. माह्या खिडकीतून गोळ्या जाते, गोष्टी नाई जात."

"तर मग मला तुमच्यावरही कारवाई करावी लागेल," अधिकारी म्हणाले.

"करा ना. लिहा, कंपाउंडरनं दोन गोळ्या दिल्या आन् दोघींचं भांडण त्याले कळलं नाई. माह्यी नोकरी घ्या, आत्ता कोट काढून देतो. पन तीस वर्स पंचशील म्हणणाऱ्या मानसाले मी दारुड्या म्हणून सही करू देनार नाई. तो सोता म्हणन तरी नाई!"

आणि त्यांनी खरोखर कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.

इथे मी एक लबाडी करतो आणि पुढचं आधी सांगतो, कारण त्या खोलीत शेवटी जे बोललं गेलं त्याच्यानंतर मला काही लिहायचं नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी मात्रा कमी केली आणि महिनाभर मास्तरांना दर चार दिवसांनी स्वतः तपासलं. दोन-तीन आठवड्यांत मास्तर शेताच्या धुऱ्यावरून सरळ चालत शाळेत जाऊ लागले. एका घराने मुलगा काढून घेतला, तो पुढच्या वर्षी परत आणून बसवला. भाऊंना चौकशीत अडथळा आणल्याबद्दल मेमो मिळाला. डॉक्टर पुढच्या सोमवारी औषधाच्या खिडकीवर रांगेत उभे राहिलेले मी पाहिले. ते पुस्तक मागायला आले होते. भाऊंनी त्यांनाही आधी रस्ता म्हणायला लावला.

तर, भाऊंची तीन बटणं निघाली होती. चौथं निघत नव्हतं. मास्तरांनी टेबलाची कड धरली आणि उठले. झुलत होते, पण उभे होते. आधी भाऊंचा कोट त्यांनी पुन्हा खांद्यावर ओढला. मग अधिकाऱ्यांकडे न पाहता दारातल्या बाईकडे पाहिलं आणि त्या जड जिभेने, एकेक शब्द ढकलत, ओरडले:

"मिरगी आहे मले! बावीस वर्स झाले, आहे! लिहा मोठ्या अक्षरात! दुसरी गाडी मिरगीची आहे! आन् तरी तुमच्या पोट्ट्यायले पाढे येते का नाई येत?"

मी फाटकाचं पेन उचललं. आणि तक्रार करायला तीन मैल चालत आलेली ती बाई, आपण तक्रार करायला आलो आहोत हे पार विसरून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"येते ना! माह्या पोट्ट्याले तं एकोणतीसचा बी येते!"